टाकाचे तपस्वी : प्लॅट रॉजर्स स्पेन्सर

दीपावलीच्या दिवशी वहीपूजन करताना नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण श्रीकार काढतो, शुभ आणि लाभ हे दोन शब्द लिहितो. एरवी वर्षभर घाईघाईने आकडे मांडणारा हात त्या क्षणी आपोआप संथ होतो. अक्षर वळणदार यावे, रेघ कापू नये, शाईचा डाग पडू नये, याची प्रत्येकजण काळजी घेतो. माझ्या लहानपणी आमच्या पेढीवर एक वृद्ध दिवाणजी होते. टाक दौतीत बुडवून ते रोजकीर्द लिहीत आणि दिवसाचे काम संपले की टाकाचे टोक फडक्याने स्वच्छ पुसून ठेवीत. त्यांच्या पानावर खाडाखोड नसे. अक्षर नीट असेल तर हिशेबही नीट राहतो, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे वाणिज्य शाखेत शिकताना द्विनोंदी पद्धतीचे नियम मी पुस्तकातून आत्मसात केले. परंतु हिशेब लिहिणाऱ्या हाताचेही एक शास्त्र असते, हे मला त्या दिवाणजींमुळेच उमगले.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत होऊन गेलेल्या एका थोर लेखनगुरूंचे चरित्र. प्लॅट रॉजर्स स्पेन्सर हे त्यांचे नाव. टाक आणि शाई यांच्या साह्याने अलंकृत, लपेटदार इंग्रजी अक्षर लिहिण्याची जी पद्धत अमेरिकेतील शाळाशाळांतून आणि पेढ्यापेढ्यांतून रूढ झाली, तिचे ते जनक. त्यांच्या वळणाचे अक्षर आपणही असंख्य वेळा पाहिलेले आहे. कोकाकोला या पेयाच्या बाटलीवरील नागमोडी अक्षरे डोळ्यांसमोर आणावीत. १८८६ साली अटलांटा शहरात त्या व्यवसायाचे हिशेब पाहणाऱ्या फ्रँक रॉबिन्सन यांनी ती स्पेन्सर यांच्याच वळणाने लिहिली. एका हिशेबनिसाचे सुंदर हस्ताक्षर आज साऱ्या जगाच्या परिचयाचे झाले आहे.

स्पेन्सर यांनी असंख्य हातांना वळण लावले. परंतु त्यापूर्वी स्वतःच्या आयुष्याला वळण लावण्यासाठी त्यांना जी झुंज द्यावी लागली, ती मला त्यांच्या अक्षरांहूनही मोलाची वाटते. म्हणूनच हा अल्पसा चरित्रपरिचय.

कागदाचा ध्यास

स्पेन्सर यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८०० रोजी न्यूयॉर्क राज्यातील ईस्ट फिशकिल येथे झाला. वडील केलब स्पेन्सर हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले सैनिक होते. भावंडांत प्लॅट हे सर्वांत धाकटे. १८०६ साली, अगदी कोवळ्या वयात, त्यांचे पितृछत्र हरपले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई जेरुशा यांच्यावर येऊन पडला. बालपणीची काही वर्षे त्यांनी त्याच राज्यातील विंडहॅम या डोंगराळ वस्तीत काढली.

अक्षरांची ओढ या मुलाला कोठून लागली, हे सांगणे कठीण. घरात ना पैसा, ना लेखनसाहित्य. त्या वस्तीत कागद ही चैनीची वस्तू होती. बाल प्लॅटच्या हाती एकदा एक पैसा आला. मिठाई किंवा खेळणे घेण्याचे त्याच्या मनातही आले नाही. सुमारे वीस मैलांवरील कॅट्सकिल गावी निघालेल्या एका लाकूडवाल्याजवळ त्याने तो पैसा दिला आणि कागदाचा एक ताव आणण्याची विनंती केली. लाकूडवाला परतला तोवर रात्र झाली होती आणि मुलगा झोपी गेला होता. जाग येताच तो उठला आणि आयुष्यातील पहिल्या कागदावर लिहावयास बसला. बराच वेळ प्रयत्न केला. परंतु मनात असलेले अक्षर काही केल्या कागदावर उतरेना. अखेर खिन्न मनाने तो पुन्हा अंथरुणावर पडला. हा प्रसंग त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितला जातो. पुढे हजारो शिष्यांना अक्षर शिकवणाऱ्या या गुरूचा पहिला धडा अपयशाचा होता, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे असे आहे.

१८१० साली हे कुटुंब बैलगाडीने दूरचा प्रवास करून ओहायो राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील अ‍ॅश्टाब्युला जिल्ह्यात, जेफरसन येथे स्थायिक झाले. तो सारा मुलूख तेव्हा घनदाट अरण्याचा होता. नव्याने आलेली कुटुंबे झाडे तोडून शेती करीत आणि ओंडक्यांच्या घरांत राहत. तेथे कागद आणखीच दुर्मीळ. म्हणून प्लॅट भूर्जवृक्षाच्या सालीवर लिहू लागला. हिवाळ्यात बर्फावर लिहू लागला. एका सहृदय चांभाराने परवानगी दिली, तेव्हा त्याच्या दुकानातील चामड्याचे तुकडेही अक्षरांनी भरून गेले. एरी सरोवराच्या काठावरील वाळू ही तर त्याची हक्काची पाटी झाली. एक लाट आली की पाटी पुसली जाई आणि मुलगा पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ करी.

शिक्षणाची तळमळ केवळ अक्षरापुरती नव्हती. अंकगणिताचे एक पुस्तक उसने मिळावे म्हणून हा मुलगा थंडीच्या दिवसांत अनवाणी वीस मैल चालत गेला. परतताना रात्र झाली, तेव्हा कोणाच्या घरी आसरा मागण्याचा संकोच वाटून त्याने एका गोठ्यात रात्र काढली. आज एका स्पर्शाने जगातील सारी पुस्तके समोर येण्याच्या काळात ही हकीकत मुलांना मुद्दाम सांगावी.

तरुण शिक्षक आणि अंधारलेली वर्षे

१८१५ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, स्पेन्सर यांनी लेखनाचा पहिला वर्ग घेतला. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी दुकानात कारकून आणि हिशेबनीस म्हणून काम केले. १८२१ नंतर कायदा, लॅटिन भाषा आणि इंग्रजी साहित्य यांचा अभ्यास चालू ठेवून ते शाळेत शिकवीत आणि व्यापाऱ्यांच्या वह्याही लिहून देत. दुकानाच्या गादीवर त्यांनी काढलेली ही वर्षे आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात घ्यावीत. अक्षर दिसावयास सुंदर हवे, तसेच ते वेगाने लिहिता यावे आणि वाचणाऱ्यास चटकन लागावे, ही गरज त्यांना तेथेच उमजली असावी.

१८२४ च्या सुमारास महाविद्यालयात जाऊन धर्मोपदेशक होण्याचा त्यांचा मानस होता. बुद्धी होती, चिकाटी होती, वाणीत गोडवा होता. परंतु नियतीने वेगळेच वळण घेतले. हा तरुण मद्याच्या आहारी गेला.

त्या काळच्या अमेरिकेत मद्यपान निंद्य मानले जात नसे. कापणीच्या वेळी मजुरांना, घर उभारताना मदतीस आलेल्या शेजाऱ्यांना आणि सौदा पक्का झाल्यावर ग्राहकाला मद्य देणे हा सर्रास रिवाज होता. १८३० च्या सुमारास तेथील माणशी मद्यसेवन आजच्या सुमारे तिप्पट होते, असे इतिहासकार सांगतात. अशा वातावरणात एखादा तरुण घसरला तर त्याला सावरणारे कोणी नसे, कारण तो घसरला आहे हे समाजाच्या ध्यानीही येत नसे. धर्मोपदेशक होण्याचे स्वप्न मागे पडले. न्यूयॉर्क आणि ओहायो या राज्यांत गावोगावी फिरून ते लेखनाचे वर्ग घेत राहिले. पण व्यसन त्यांच्याबरोबर फिरत राहिले.

टाकाने लिहिण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना या अवस्थेतील यातना समजतील. पेन्सिलीच्या रेघेत हाताचा कंप थोडाफार झाकला जातो. टाकाच्या बारीक रेघेत तो झाकता येत नाही. केसासारखी रेघ वर नेताना हात किंचित कापला तरी कागद ते दाखवून देतो. ज्या माणसाची सारी प्रतिष्ठा हाताच्या स्थिरतेवर उभी आहे, त्याने तो हात मद्याच्या स्वाधीन करावा, याहून मोठे दुर्दैव कोणते?

संकल्प आणि विश्वास

१८२८ साली पर्सिस ड्यूटी या सुशील तरुणीशी त्यांचा विवाह झाला. विवाहाने व्यसन लगेच सुटले असे नाही. मध्ये चार वर्षे गेली. मात्र या साध्वीने पतीची साथ सोडली नाही. अखेर १८३२ साली स्पेन्सर यांनी मद्याचा संपूर्ण त्याग करण्याचा संकल्प केला. प्रमाण कमी करणे, सणापुरते घेणे, मित्रांच्या आग्रहाखातर घोट घेणे, असल्या पळवाटा त्यांनी ठेवल्या नाहीत. त्या काळी पूर्ण त्यागाचा पुरस्कार करणारे थोडे होते. स्पेन्सर त्यांच्या अग्रभागी राहिले. आपण ज्या खड्ड्यात पडलो त्यात इतरांनी पडू नये म्हणून त्यांनी मद्यनिषेधाचा प्रचार आयुष्यभर केला. गुलामगिरीच्या अमानुष प्रथेविरुद्धही त्यांची सहानुभूती सदैव कृतीतून प्रकट झाली.

यानंतर जे घडले ते एका व्यापाऱ्याच्या दृष्टीने या चरित्राचे हृदय आहे. ज्या अ‍ॅश्टाब्युला जिल्ह्याने त्यांचे पतन पाहिले होते, त्याच जिल्ह्यातील जनतेने त्यांना जिल्ह्याचे कोषाध्यक्ष म्हणून निवडून दिले. एक-दोन नव्हे, तब्बल बारा वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. लोकांच्या करांतून जमा झालेला पैसा, त्याच्या वह्या आणि तिजोरीची किल्ली या माणसाच्या हाती राहिली.

सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी ज्यांनी कधी पार पाडली आहे, त्यांना याचे मोल कळेल. स्वतःच्या दुकानात शिल्लक कमी पडली तर मालक आपल्या खिशातून ताळा जमवू शकतो. समाजाच्या पैशात तसे करता येत नाही. तेथे प्रत्येक नोंद चारचौघांच्या नजरेखाली असते. समाज सहजासहजी विसरत नाही. दुकानात एकदा गेलेली पत परत मिळवावयास आयुष्य खर्ची पडते, हे आपण जाणतोच. स्पेन्सर यांनी ती परत मिळवली, आणि ती भाषणांनी नव्हे, दिवसामागून दिवस पाळलेल्या एका संकल्पाने मिळवली. रोज तीच रेघ, तोच कल आणि तोच संयम, ही त्यांच्या लेखनाची शिस्त होती. आता ती त्यांच्या जीवनाचीही शिस्त झाली.

लेखनपद्धतीचे मर्म

स्पेन्सर यांच्यापूर्वी अमेरिकेत मुख्यतः इंग्लंडमधून आलेले गोल वळणाचे अक्षर शिकवले जात असे. ते देखणे होते, परंतु सावकाश लिहावे लागे. प्रत्येक उतरत्या रेघेला दाब देऊन ती जाड करावयाची, हा त्याचा नियम. वाढत्या व्यापाराला हा संथपणा परवडणारा नव्हता. स्पेन्सर यांनी गोल आणि टोकदार अशा दोन्ही वळणांतील गुण घेऊन लंबगोलावर आधारलेले, हलके आणि गतिमान अक्षर सिद्ध केले. सरोवराकाठचे गुळगुळीत लंबगोल गोटे, पाण्यावरील लाटा, वेलींचे आकडे यांतून त्यांना अक्षरांचे आकार सुचले, असे मानले जाते. जाड रेघ त्यांनी मोजक्याच ठिकाणी ठेवली. त्यामुळे पान हवेशीर दिसू लागले आणि हाताचे श्रमही कमी झाले.

त्यांच्या पद्धतीचे सूत्र असे की, सारी अक्षरे थोड्याशा मूळ अवयवांपासून बनलेली आहेत. त्यांच्या पुत्रांनी पुढे प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत हे अवयव सात सांगितले आहेत. त्यांत सरळ रेघ, उजवीकडील वक्र, डावीकडील वक्र, लांब फास, सुलटा लंबगोल, उलटा लंबगोल आणि मोठ्या अक्षरांचा नागमोडी दांडा यांचा समावेश होतो. हे सात हाती आले की वर्णमाला हाती आली. अक्षरांचा मुख्य कल आडव्या रेघेशी ५२ अंशांचा आणि जोडरेघांचा ३० अंशांचा असावा, असेही त्यांत निश्चित केले आहे. हाताच्या हालचालीही चार प्रकारच्या सांगितल्या आहेत : केवळ बोटांची, कोपराजवळच्या स्नायूंवर हात टेकून केलेली, या दोहोंची संयुक्त आणि खांद्यापासून संपूर्ण हाताची. दैनंदिन लेखनाला संयुक्त हालचाल आणि मोठ्या अलंकृत अक्षरांना खांद्यापासूनची हालचाल योग्य मानली जाते. विद्यार्थी एक-दोन, एक-दोन अशा मोजणीवर रेघा ओढीत. संगीतात जसा ताल, तसा येथे हाताचा ताल.

स्पेन्सर लहान होते तेव्हा हंसाच्या पिसाची लेखणी प्रचारात होती. ती वारंवार तासावी लागे. त्यांच्या तारुण्यात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे पोलादी टोके यंत्रावर मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागली आणि टाक सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. या टोकाची रचना मोठी मनोवेधक आहे. मध्ये एक बारीक चीर असते. हात हलका असेल तर चिरेच्या दोन्ही बाजू मिटलेल्या राहतात आणि तलम सुतासारखी बारीक रेघ उमटते. खाली येताना किंचित दाब दिला की त्या बाजू विलग होतात, शाई अधिक उतरते आणि रेघ भरदार होते. दाब सोडताच पुन्हा सूत. वर जाताना मात्र दाब कधीही द्यावयाचा नाही, नाहीतर टोक कागदात रुतते आणि शाईचे शिंतोडे उडतात. बारीक आणि भरदार रेघांचा हा खेळ हेच अलंकृत लेखनाचे सारे सौंदर्य. अक्षराचा कल फार असल्याने पुढे टोक दांड्याच्या सरळ रेषेत न बसवता एका बाजूस तिरके बसवलेला टाक या लेखनासाठी विशेष पसंतीस उतरला, कारण त्यामुळे मनगट न मुरडता टोक अक्षराच्या कलाशी जुळते.

ओंडक्यांचे विद्यामंदिर

१८४८ साली स्पेन्सर यांनी व्हिक्टर राइस यांच्या सहकार्याने आपले कित्ते प्रथमच छापून प्रसिद्ध केले. सुटसुटीत पट्ट्यांवर नमुना अक्षरे आणि सोबत सूचना, असे त्यांचे स्वरूप होते. व्यापारी लेखनाबरोबरच स्त्रियांच्या लेखनासाठीही ते तयार केलेले होते, हे विशेष. तोवर गुरूच्या समोर बसल्याखेरीज ही विद्या मिळत नसे; आता ती घराघरांत पोहोचू लागली.

ओहायोमधील जिनिव्हा या गावी स्पेन्सर यांची शेती होती. त्या शेतावरील ओंडक्यांच्या एका साध्या झोपडीत त्यांनी लेखनशाळा चालवली. थाटमाट काही नाही. ओबडधोबड भिंती, लाकडी बाके आणि भोवती झाडी. तरीही दूरदूरच्या गावांहून तरुण तेथे येऊन राहत आणि गुरूंच्या हाताखाली रेघा ओढीत. येथे शिकलेले अनेकजण स्वतः नामवंत लेखनशिक्षक झाले. हायरम येथील विद्यालयातही स्पेन्सर यांनी पाठ दिले. त्या विद्यालयातील जेम्स गारफील्ड हे पुढे १८८१ साली अमेरिकेचे विसावे राष्ट्राध्यक्ष झाले. गारफील्ड यांनीही उमेदीच्या काळात लेखनाचे वर्ग घेतले होते आणि स्पेन्सर यांच्याविषयी त्यांना नितांत आदर होता.

व्यापारी शिक्षणाशी नाते

स्पेन्सर यांच्या अक्षराचा प्रसार झाला तो मुख्यतः व्यापारी विद्यालयांच्या मार्गाने. रेल्वे आणि तारायंत्र यांमुळे अमेरिकेतील व्यापार झपाट्याने वाढत होता. टंकलेखन यंत्र बाजारात येण्यास अद्याप अवकाश होता. ते १८७० च्या दशकात आले. तोवर प्रत्येक पत्र, प्रत्येक बीजक, प्रत्येक खतावणी हातानेच लिहावी लागे. सुवाच्य आणि जलद लिहिणाऱ्या कारकुनाला मोठी मागणी होती. ब्रायंट आणि स्ट्रॅटन यांनी स्पेन्सर यांचे शिष्य जेम्स लस्क यांना सोबत घेऊन क्लीव्हलँड शहरी १८५० च्या दशकाच्या पूर्वार्धात व्यापारी विद्यालय काढले आणि पाहता पाहता त्याच्या शाखा अमेरिकेतील अनेक मोठ्या शहरांत पसरल्या. पुस्तपालन, व्यापारी अंकगणित आणि व्यापारी कायदा यांच्या जोडीला स्पेन्सर यांचे लेखन हा तेथील प्रमुख विषय होता. स्वतः स्पेन्सर तेथे पाठ देण्यासाठी जात.

त्याच क्लीव्हलँडमध्ये फोल्सम यांचे व्यापारी विद्यालय होते. १८५५ साली एका सोळा वर्षांच्या तरुणाने तेथे काही महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा केला. द्विनोंदी पद्धत आणि वळणदार लेखन शिकून त्याने त्याच वर्षी एका अडत पेढीवर साहाय्यक हिशेबनिसाची नोकरी धरली. हा तरुण म्हणजे पुढे तेलाच्या व्यापारात जगातील अग्रगण्य धनाढ्य ठरलेले जॉन रॉकफेलर. आपली पहिली हिशेबवही त्यांनी आयुष्यभर जपून ठेवली होती. गरीब घरातील मुलाला पेढीवर बसण्याची पात्रता देणारी जी थोडी साधने त्या काळी होती, त्यांत सुंदर हस्ताक्षर हे एक होते. ज्या मुलाजवळ कागद विकत घेण्यापुरते पैसे नव्हते, त्यानेच पुढे असंख्य गरीब मुलांना हे साधन मिळवून दिले.

अखेर आणि वारसा

१८६२ साली पत्नी पर्सिस यांचे निधन झाले. अंधारलेल्या वर्षांत आपल्याला सावरणारी सहचारिणी गेल्याने स्पेन्सर मनाने खचले. त्यानंतर ते फार काळ जगले नाहीत. १६ मे १८६४ रोजी जिनिव्हा येथे, आपल्या कर्मभूमीतच, त्यांनी जगाचा निरोप घेतला. तेथील स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे.

पित्याची संपत्ती मुलांना मिळते. पित्याचे व्रत मिळणे भाग्याचे. स्पेन्सर यांच्या पाच पुत्रांनी, रॉबर्ट, प्लॅट, हार्वे, हेन्री आणि लायमन यांनी, हे कार्य पुढे नेले. हेन्री यांनी १८६६ साली या पद्धतीचा सविस्तर ग्रंथ सिद्ध केला. लायमन हे अलौकिक हाताचे कलावंत होते. टाकाच्या एकेका फटकाऱ्यात पक्षी, वेली आणि नक्षी साकारण्याचे त्यांचे कसब पाहून आजही तज्ज्ञ थक्क होतात. हेन्री यांच्या पत्नी सारा अँड्र्यूज स्पेन्सर यांनी वॉशिंग्टनमध्ये व्यापारी विद्यालय चालवण्यात पतीस साथ दिली आणि स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून १८७१ साली न्यायालयाचे दारही ठोठावले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ बदलला. ऑस्टिन पामर यांनी १८९४ साली अधिक साधे, जाड रेघेविना लिहिता येणारे वळण प्रसिद्ध केले आणि शाळांतून तेच रूढ झाले. टंकलेखन यंत्र, फाउंटन पेन, मग बॉलपेन आणि संगणक यांनी टाकाला हळूहळू बाजूस सारले. परंतु व्यवहारातून गेलेली ही विद्या कलेच्या रूपाने टिकली. चार्ल्स झेनर यांनी १८८८ साली कोलंबस शहरात काढलेल्या विद्यालयातून आणि लुई मॅडराझ यांच्यासारख्या निष्णात लेखकांच्या हातून अलंकृत लेखन अधिकच बहरले. या कलेचे उपासक आणि शिक्षक यांची एक संघटना अमेरिकेत १९४९ साली स्थापन झाली. आज जगाच्या अनेक देशांत, भारतातही, हौशी मंडळी टाक आणि दौत घेऊन स्पेन्सर यांचे कित्ते गिरवताना दिसतात.

आपल्या महाराष्ट्रालाही ही दृष्टी नवी नाही. हात न उचलता भरभर लिहिता यावे म्हणून मोडी लिपीचा प्रसार झाला, बोरूने दप्तरे लिहिली गेली आणि सुंदर अक्षर हा दागिना मानला गेला. कित्ता गिरवणे हा आपला शब्दप्रयोग तर अक्षरापुरता न राहता आचरणासाठीही वापरला जातो. थोरांचा कित्ता गिरवावा, असे आपण सहज म्हणतो. स्पेन्सर यांच्या चरित्रात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आलेले आहेत.

आरंभ कसा करावा

हा लेख वाचून एखाद्या तरुणास टाक हाती घ्यावासा वाटला तर त्याचे स्वागत आहे. खर्च फारसा नाही. एक टाक, दोन-चार लवचिक टोके, शाईची दौत आणि शाई न फुटणारा गुळगुळीत कागद एवढे पुरेसे आहे. नव्या टोकावर गंज चढू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो आधी पुसून काढावा, अन्यथा शाई टोकावर ठरत नाही. टोक दौतीत तळापर्यंत बुडवू नये. पाठ ताठ ठेवावी, पाय जमिनीवर टेकवावेत, कागद किंचित तिरका धरावा. पहिले काही आठवडे अक्षराच्या वाटेला न जाता केवळ सरळ रेघा आणि लंबगोल काढावेत. रोज पंधरा मिनिटे पुरेत, पण ती रोज हवीत. लिहून झाल्यावर टोक पुसून कोरडे ठेवावे, नाहीतर शाई ते खाऊन टाकते. पहिले पान मनासारखे उतरणार नाही. त्या रात्री कॅट्सकिलहून आलेला कागद पुढ्यात घेऊन बसलेल्या लहान मुलाची आठवण ठेवावी आणि दुसरे पान घ्यावे.

आमच्या दुकानात आता बिले यंत्रावर निघतात. रोजकीर्द संगणकात असते आणि तिचा ताळा क्षणात लागतो. मी त्याबद्दल तक्रार करणार नाही. सोय ती सोयच. मात्र अजूनही दीपावलीला नव्या वहीवर श्रीकार काढताना मी टाकच हाती घेतो. रेघ वर नेताना हात हलका ठेवतो, खाली आणताना किंचित दाबतो आणि ती न कापता पुरी झाली की वर्षाचा पहिला हिशेब जुळल्यासारखे वाटते. स्पेन्सर यांनी आठ वर्षे गमावली आणि मग उरलेल्या आयुष्याची प्रत्येक रेघ सावधपणे ओढली. आपल्यापैकी ज्या कोणाच्या जमाखर्चात अशी काही वर्षे नावे पडली असतील, त्यांनी नवी वही उघडण्यास अजून उशीर झालेला नाही, एवढेच या थोर पुरुषाचे चरित्र सांगते. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.